निमकर साहेब बंदूक निवडतात

आमच्या ऑफिसला लिफ्ट होती, पण निमकर साहेब चार मजले पायी चढत. तब्येतीसाठी नव्हे. लिफ्टमध्ये तपासणीची पाटी असते, तिच्यावरची तारीख उलटून गेली होती, आणि नवी तारीख पडेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पुढे नवी तारीख पडली. तरी ते जिन्यानेच येत राहिले. मी विचारलं तेव्हा दम खात म्हणाले, "सही कोणाची आहे वाचलीत का, रेगेबाई? हा माणूस मला माहीत आहे. हा वर चढून दोर बघत नाही. खालूनच मान वर करून बघतो."

कोलकात्यात एस्प्लनेडजवळच्या एका केंद्र सरकारी तपासणी कार्यालयात आम्ही दोघं होतो. मी हिंदी अनुवादक, ते तपासणी अधिकारी. कारखान्यांतल्या गॅसच्या टाक्या आणि दाबाखालची भांडी ठीक आहेत की नाहीत, हे बघून सही करणं त्यांचं काम. म्हणजे काय फुटू शकेल याचा विचार करण्याचाच त्यांना पगार मिळत होता. तो विचार संध्याकाळी पाच वाजता थांबवता येतो, हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

उंच, काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. बोलणं हळू, आणि दर दुसऱ्या वाक्याची सुरुवात "समजा" या शब्दाने. समजा पाऊस आला. समजा मेट्रो मध्येच बंद पडली. समजा हा डबा गरम करताना झाकण उडालं. ऑफिसातल्या बंगाली मंडळींना मराठी येत नव्हतं, पण हा एक शब्द त्यांनी उचलला होता. ते साहेबांना पाठीमागे "शोमजाबाबू" म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, "माणसं हसतात ते ठीक आहे. हसताना सावध असली म्हणजे झालं."

डमडमच्या सरकारी वसाहतीत आम्ही दोनच मराठी कुटुंबं. त्यांच्या घरी सुनंदावहिनी आणि शाल्मली. मुलगी चौथीत असताना कोलकात्याला आली, इथेच वाढली. तिचं मराठी गोड, पण मधूनच बंगालीच्या वळणाने जाणारं. रागावली की म्हणायची, "बाबा, तुम्ही असं करता ना, माझं मन खराब होतं." कॉलेजात एनसीसीत तिच्या हाती रायफल आली. तिथून एका मैत्रिणीबरोबर ती शहराबाहेरच्या रेंजवर गेली, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायचा खेळ पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, "मला हेच करायचंय."

फटाक्याच्या आवाजानेही ज्यांचे खांदे वर जातात, त्या माणसाच्या घरात हे घडलं.

त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मला आजही विशेष वाटतं. ते फक्त काळजी करू लागले, आणि ती काळजी त्यांनी नेहमीच्या पद्धतीने केली, म्हणजे शिकून. वर्षभरात त्या एकावर एक नळ्यांच्या बंदुकीबद्दल त्यांना जेवढं कळत होतं तेवढं रेंजवरच्या निम्म्या नेमबाजांना कळत नसेल.

शाल्मलीला बाविसाव्या वर्षी परवान्याचा अर्ज करता आला. चौकशीला पोलीस घरी आला. तो बिचारा दोन प्रश्न विचारून चहा पिऊन जाणार होता. साहेबांनी त्याला बसवून ठेवलं. कपाट दाखवलं, कपाटाला भिंतीत मारलेले स्क्रू दाखवले, किल्ली कुठे राहणार ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "समजा, हिला एखाद्या दिवशी राग आला, तर? हे तुम्ही विचारलंच नाहीत." पोलिसाने शाल्मलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "काकू, मला आत्ताच येतोय." काकू म्हणजे मी. मी नेमकी तिथे बसले होते. परवाना मिळाला. पोलीस जाताना वहिनींना हळूच म्हणाला, "दीदी को कोई दिक्कत नहीं. साहब को थोड़ा आराम करवाइए."

मग बंदूक शोधणं सुरू झालं. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत हालदारबाबू नावाचे कारागीर बसत. सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा, बोटांना कायम तेल. साहेब दर शनिवारी तिथे जात. मी दोनदा गेले, कारण वहिनींनी सांगितलं होतं, "बघून या हो, ते तिथे करतात काय."

दोन बंदुका नजरेत होत्या आणि दोन्ही वापरलेल्या. एक तुर्की, खेळ सोडणाऱ्या एका मुलाची, तीन वर्षं जुनी. दुसरी इटालियन, नामवंत घराण्यातली, बालीगंजच्या एका निवृत्त डॉक्टरांची. तिचं वय शाल्मलीपेक्षा जास्त. पहिली साहेबांना सहज परवडणारी होती. दुसरीसाठी नाशिकच्या घराकरिता बाजूला ठेवलेलं जवळजवळ सगळं गेलं असतं.

हालदारबाबूंनी दोन्ही माझ्यासमोर उघडून मिटवल्या. तुर्की मिटली ती स्टीलच्या डब्याचं झाकण बसावं तशी. इटालियन मिटली तेव्हा बँकेच्या लॉकरचं जाड दार लागल्यासारखा बसका आवाज झाला. साहेबांनी डोळे मिटले होते. "पुन्हा," ते म्हणाले. हालदारबाबूंनी पुन्हा मिटवली. "पुन्हा." असं सहा-सात वेळा झालं.

"फरक कशात आहे?" मी विचारलं.

हालदारबाबू बंगाली-हिंदी मिसळून बोलायचे. म्हणाले, "नळ्या जिथे झुकतात तो सांधा बघा. इटालियनमध्ये झिजला की तेवढा तुकडा बदलता येतो. स्टील चांगलं. दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात, हे जुळवायला फार कसब लागतं. तोल असा की हातात घेतली की वजन नाहीसं होतं. पण मॅडम, हा फरक आज दिसत नाही. हजारो बार उडाले की मग दिसतो."

"आणि तुर्की फुटेल का?" साहेबांनी विचारलं.

"नाही फुटणार."

"समजा..."

"निमकरबाबू," हालदारबाबू शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्षांत मी नळी फुटलेली पाहिली ती दोनदा. दोन्ही वेळा आत चिंधी राहिली होती. कंपनीचा काही संबंध नव्हता."

परतताना साहेब फूटपाथवर मध्येच थांबले. शेजारी मोज्यांचे आणि छत्र्यांचे विक्रेते ओरडत होते. त्या गोंगाटात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी ऑफिसात कोणालाच माहीत नव्हती. तरुणपणी सोलापूरकडे असताना एका कारखान्यात त्यांनी दोन टाक्या तपासल्या होत्या. एक मोठ्या नावाची, एक गावातल्या वर्कशॉपची. दोन्ही मोजमापात बरोबर, दोन्ही पास. आठ महिन्यांनी वर्कशॉपच्या टाकीचा व्हॉल्व्ह उडाला. एका कामगाराचा डोळा गेला. चौकशी झाली आणि साहेबांची काहीही चूक निघाली नाही.

"मग?" मी म्हटलं.

"चूक नव्हती हेच तर वाईट आहे, रेगेबाई. चूक असती तर पुढच्या वेळी टाळली असती." मग चालू लागत म्हणाले, "आता पुन्हा त्याच दोन टाक्या समोर आहेत. फक्त या वेळी जी निवडीन ती माझ्या मुलीच्या गालाला टेकलेली असणार."

शेवटी तुर्की घेतली, तीही वहिनींनी हुकूम सोडला म्हणून. "दीड वर्ष झालं. पोरगी म्हातारी होईल." बंदूक आली, पण साहेबांचा निर्णय काही आला नव्हता. निवडणुका लागल्या तेव्हा हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. नेमबाजांना सूट मागता येत होती. साहेबांनी मागितली नाही, उलट मुदतीच्या आठवडाभर आधीच बंदूक नेऊन दिली, आणि मग रोज ऑफिसला जाताना ठाण्यात डोकावून ती कोरड्या जागी आहे ना याची खात्री करू लागले. तिथला जमादार त्यांना लांबून पाहिलं की हात वर करून ओरडायचा, "भालो आछे!" बरी आहे, बरी आहे. एखाद्या आजारी नातेवाइकाची खबर द्यावी तसा.

नंतरच्या हिवाळ्यात स्पर्धा होती. तिच्यातून पुढच्या निवडीसाठी मुली घेणार होते, म्हणून शाल्मलीने तीन महिने दुसरं काही केलं नव्हतं. मी आणि वहिनीही गेलो. पंचवीस तबकड्यांची एक फेरी. नेमबाज ओरडला की खड्ड्यातून तबकडी सुसाट निघते. एका तबकडीवर दोन बार मारता येतात. पहिला हुकला तर लगेच दुसरा.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या अलीकडे साहेब तिच्या बरोबर पाठीमागे उभे होते. हात मागे बांधलेले, ओठ हलताहेत. सतरा तबकड्यांपर्यंत तिची एकच हुकली होती. अठरावीला पहिला बार हुकला. दुसरा झालाच नाही. तबकडी आरामात लांब जाऊन गवतात पडली.

शाल्मलीने नळ्या जमिनीकडे केल्या, एक हात वर केला आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. आत काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून बंदूक लगेच उघडायची नसते. ते काही सेकंद कसे गेले मला विचारू नका. माझ्या शेजारी साहेब पुटपुटत होते, "उघडू नकोस, बाळा, उघडू नकोस, उघडू नकोस." त्यांच्या कपाळावर डिसेंबरच्या थंडीत घाम होता.

काही झालं नाही. पंचांनी बंदूक तपासली. दुसऱ्या काडतुसावर ओरखडाही नव्हता, आतला घोडा पडलाच नव्हता. बंदुकीत दोष नाही असं सांगून त्यांनी तबकडी हुकलेली धरली. त्यानंतर शाल्मलीने आणखी चार घालवल्या. यादीत तिचं नाव लागलं नाही.

परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. विमानतळाजवळ आल्यावर साहेब म्हणाले, "उद्या डॉक्टरांना फोन करतो." ज्या माणसाला दीड वर्षात ठरवता आलं नव्हतं, त्याने दीड तासात ठरवलं होतं. वहिनी नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डॉ. सेनगुप्ता ऐंशीच्या घरातले, काठी टेकत चालणारे. त्यांची एकच अट होती, की मुलीने आधी मारून बघावं. एका रविवारी सकाळी आम्ही रेंजवर जमलो. डॉक्टर, हालदारबाबू, शाल्मली, साहेब, आणि वहिनींनी साहेबांवर लक्ष ठेवायला पाठवलेली मी. डॉक्टरांनी पेटीतून बंदूक काढून शाल्मलीच्या हातात दिली. म्हणाले, "पंचवीस वर्षं हिने मला एकदाही दगा दिला नाही. मी हिला पुष्कळदा दिला."

आधी तुर्कीने एक फेरी झाली. एकोणीस. मग इटालियन. मला या खेळातलं फारसं कळत नाही, पण फरक मलाही दिसला. बंदूक तिच्या खांद्याशी आपण होऊन येत होती. तबकड्या नुसत्या फुटत नव्हत्या, त्यांचा धूर होत होता. साहेब तिच्या मागे उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा विसावा दिसला. माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली, बघा म्हणून.

चौदाव्या तबकडीला पहिला बार हुकला. दुसरा झाला नाही.

शाल्मलीने नळ्या खाली केल्या. हात वर केला. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. आता दोष द्यायला बंदूक राहिली नव्हती. डॉक्टरांनी फक्त काठीवरचा हात बदलला.

थोड्या वेळाने हालदारबाबू पुढे गेले. बंदूक रिकामी करून त्यांनी तिच्यात दोन खोटी काडतुसं घातली आणि शाल्मलीला खांद्याला लावायला सांगितली. "दाब," ते म्हणाले. खट्. बाराच्या धक्क्याऐवजी त्यांनी बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर तळहाताने एक ठोसा दिला. "पुन्हा दाब." काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. ते तिच्या बोटाकडे बघत होते. मग चष्मा काढून खिशात ठेवत म्हणाले, "निमकरबाबू, माझी हातोडीची पिशवी गाडीत राहिली. जरा आणता?"

पिशवी त्यांच्या पायाशीच होती. साहेबांना ती दिसली नाही. ते लगबगीने गाडीकडे गेले.

"आता दाब," हालदारबाबू म्हणाले. खट्. ठोसा. खट्. पुन्हा. खट्, खट्. सहाच्या सहा वेळा दोन्ही घोडे पडले.

शाल्मलीने बंदूक खाली घेतली, उघडून टेबलावर ठेवली आणि ओठ आवळून उभी राहिली. साहेब रिकाम्या हातांनी परत आले. "पिशवी नाही गाडीत," ते म्हणाले, आणि मग त्यांनी पिशवी पाहिली, तिचा चेहरा पाहिला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. तपासणीचा माणूस तो.

"बोट पूर्ण सुटत नाही तिचं," हालदारबाबू म्हणाले. "पहिल्या बारानंतर चाप पूर्ण सोडावा लागतो, तरच दुसरा लागतो. ती आखडते. कुठलीही बंदूक असली तरी."

"का आखडते?" साहेबांनी विचारलं. प्रश्न हालदारबाबूंना होता, उत्तर शाल्मलीने दिलं.

"बाबा, पहिला हुकला ना, की मला तुमचा श्वास ऐकू येतो."

"तुझ्या कानांना मफ असतात."

"तरी येतो. मला वाटतं, आता मागे बाबांना काहीतरी होईल. मी तबकडी बघतच नाही तेव्हा. मी तुम्हालाच बघते. न वळता."

साहेबांनी टेबलावरची उघडी बंदूक उगाच सरळ केली. मग म्हणाले, "समजा, मी नसलो मागे, आणि..."

"तर नसाल," ती म्हणाली. "बंदूक माझ्या हातात असेल. मला येते ती सांभाळायला. तुम्हीच शिकवलंय."

हे ऐकून त्यांनी आपला पूर्ण बाह्यांचा शर्ट कोपरापर्यंत वर केला आणि परत खाली केला. हातांना काहीतरी काम हवं होतं. शेवटी ते हालदारबाबूंकडे वळले. "मग ही इटालियन नको म्हणता?"

"मी कुठे नको म्हटलं? घेण्यासारखीच आहे. मोल आहे तिला." हालदारबाबू बंदूक पुसत म्हणाले. "पण आज घ्याल ती तुमच्यासाठी घ्याल. दोन वर्षांनी ही मागेल तेव्हा घ्याल, ती हिच्यासाठी असेल."

डॉक्टर हसले आणि पेटी बंद करू लागले. सौदा मोडल्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही.

तुर्की बंदुकीचा दस्ता हालदारबाबूंनी शाल्मलीच्या मापाने बोटभर कापला, गालाकडची बाजू घासून दिली. तिच्या खांद्यावरचे धक्क्याने पडलेले निळे डाग आठवड्याभरात कमी झाले. इटालियन बंदूक वसंतात रांचीच्या कोणीतरी नेली. ती गेल्याची बातमी आली त्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "चुकलं का हो आपलं?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी परत आले. "समजा, अशी पुन्हा मिळालीच नाही तर?" पुढचे कित्येक महिने हा प्रश्न मला विचारला जात होता, कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी एखाद्या परिपत्रकाच्या भाषांतरात डोकं घातलेलं असताना. मी दर वेळी तेच उत्तर दिलं. त्यांचं समाधान एकदाही झालं नाही. पण ते रेंजवर दोराशी उभे राहिले नाहीत, त्यानंतर कधीच नाही.

मला हे खोटं वाटलं होतं. म्हणून माझी मुंबईला बदली झाली तेव्हा, निघायच्या आधीच्या रविवारी, मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. शाल्मलीची पुन्हा निवडीची स्पर्धा होती. फाटकाशी गाडी थांबली. ती उतरली, बंदुकीची पेटी खांद्याला लावली, "काकू, येते हं," म्हणाली आणि आत गेली. साहेब रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि बाकावर रेंजकडे पाठ करून बसले. मीही बसले. त्यांनी दोन चहा आणि दोन उकडलेली अंडी सांगितली.

आतून बार ऐकू येत होते, पण कुठला कोणाचा ते कळत नव्हतं. मग फाटकावरच्या रखवालदाराने हात केला, म्हणजे दीदी उभी राहिली. साहेब अंडं सोलत होते. आत तिचा आवाज आला, बारीक आणि स्वच्छ. लगोलग एक बार.

आम्ही दोघं थांबलो. दुसरा झाला नाही.

"एकच," मी म्हणाले. "म्हणजे पहिल्यातच फुटली."

"किंवा," साहेब म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. पहिला लागला तरी एकच बार ऐकू येतो. पहिला हुकून दुसरा अडकला तरी एकच. रस्त्याच्या या बाजूने दोन्ही अगदी सारखं असतं. ते बाकावरून अर्धवट उठले. मान निम्मी वळली होती. मग खाली बसले, आणि सोललेलं अंडं दोऱ्याने कापावं तसं जपून बोटांनी मोडून त्याचा अर्धा भाग त्यांनी माझ्यापुढे केला, माझं माझ्यासमोर असताना.

"मीठ घ्या, रेगेबाई," ते म्हणाले.

आत ती पुन्हा ओरडली. पुन्हा एकच बार झाला. निमकर साहेबांनी डोळे मिटले, आणि चहाचा घोट घेतला.